बोलणारा हयात असावा

गंगापूर रोड, नाशिक
११ जून १९७९

सौ. कुसाबाई हिस,

अनेक आशीर्वाद. इतक्या वर्षांनी पत्र पाहून दचकू नकोस. घरी सर्व ठीक आहे. काम वेगळेच आहे.

मी शाळेतल्या मुलांसाठी समानार्थी शब्दांचा कोश करतो आहे. नुसती जंत्री नव्हे. कोणता शब्द कोण, कुठे, कसा वापरतो, हे त्यात येईल. सध्या 'अस्तित्व' या शब्दापाशी अडलो आहे. संस्कृत शब्द मुबलक आहेत: सत्ता, भाव, विद्यमानता. फारसीतून आलेला 'हयात' आहे. पण खेड्यातला माणूस 'अस्तित्व' म्हणत नाही. मग तो काय म्हणतो? दहा वर्षे शहरात राहून माझा कान गेला. तू चौथी शिकलेली, तुझे अक्षर वाचता येते, म्हणून तुला लिहितो.

नियम असे: शब्द, वाक्य, बोलणाऱ्याचे नाव, वय, गाव. सांगोवांगीचे नको. बोलणारा हयात असावा, म्हणजे शंका आली तर विचारता येते. आणि कागदाच्या एकाच बाजूस लिहावे.

आईच्या डोळ्यांना कसे आहे?

कळावे,
खंडेराव


मु. टेंभाळे, ता. दिंडोरी
२ जुलै १९७९

मास्तर,

कुसाचा नमस्कार. पोष्टमननं पाकीट दिलं तवा मी दारातच फोडलं. वाटलं, पोरीला काय झालं का काय. वाचलं तर काय, तुमचा शब्द अडलाय! दहा वर्सं मी अडले तवा नाय कागद आला.

'शाळंत घालतो' म्हणून पाच वर्साची चंद्रा घेऊन गेलात. मग तुमी तिकडं दुसरं लगीन केलं, ते माझ्या भावाकडून, कारभारीदादाकडून कळलं. बोभाटा केलास तर नोकरी जाईल, पोरीची शाळा जाईल, असं त्याच्याच हाती सांगून धाडलंत. मी तोंड शिवलं. तुमच्या आईला मीच सांभाळते. आत्याबाईला आता दिव्याची ज्योत तेवढी दिसते. रोज विचारतात, 'खंडूचं पत्र आलं का?' आज आलं म्हणून वाचून दाखवलं. 'आईची लय आठवण येते' ही ओळ मी माझ्या पदरची घातली. तुमी लिहायची इसरला असाल.

आता घ्या शब्द.

हाय. 'हाय का कुणी घरात?' असं दारातून कुणी हाळी दिली की आत्याबाई म्हणतात, 'मी हाय, पर नसल्यागत.' लंकाबाई, वय पंच्याहत्तर, टेंभाळे.

धुगधुगी. 'चुलीत धुगधुगी हाय तवर फुंकून घे, आन पोरगी येईल ही धुगधुगी हाय तवर जगून घे.' कुसाबाई, वय बत्तीस, टेंभाळे.

दोन्ही बोलणाऱ्या हयात हायेत. या आन विचारा.

कागद दोन्ही अंगांनीच लिहिणार. एका अंगानं लिहायला कागद काय बांधावर उगवतो? चंद्रा केवढी झाली? माझ्या खांद्याला लागंल का? केस माझ्यावानी दाट हायेत का तुमच्यावानी?

कुसा


गंगापूर रोड, नाशिक
२० जुलै १९७९

सौ. कुसाबाई हिस,

आशीर्वाद. 'धुगधुगी' फार उत्तम. अत्यल्प अस्तित्व, पण विझलेले नाही, ही छटा एकाही संस्कृत शब्दात नाही. वाक्याचा मागला अर्धा भाग मी गाळला आहे. कोशात रडगाणे चालत नाही. 'नसल्यागत' हाही घेतला.

असेच पाठव. विशेषतः एखादी गोष्ट आहे की नाही याची शंका असते तेव्हा तुम्ही बायका काय म्हणता, ते ऐकून ठेव.

चंद्राचे नाव शाळेत चंद्रकला असे आहे. तिला दिवाळीत चार दिवस पाठवण्याचा विचार करीन.

खंडेराव


मु. टेंभाळे
२८ ऑक्टोबर १९७९

मास्तर,

दिवाळी झाली. वसुबारसंपासून भाऊबीजंपर्यंत रोज दोन एसट्यांना मी फाट्यावर उभी होते. अनारसे केले होते. शेवटच्या दिवशी कंडक्टर म्हणाला, 'बाई, कुणाला घ्यायचंय?' मी म्हणलं, 'माझी लेक येणार हाय.' तो म्हणाला, 'येणार हाय का नुसतीच हाय?' मेल्याला काय सांगायचं! तेवढा तुमच्या कामाचा म्हणून लिहिते.

मागमूस. 'दहा वर्सं झाली, पोरीचा मागमूस नाय.' कुसाबाई.

नांदणं. 'बाई नांदती हाय का?' असं इचारलं म्हंजे ती हाय का नाय एवढंच नाय, नवऱ्याच्या घरात हाय का ते इचारलं. गावात मला अजून कुणी हे इचारलं नाय, तुमच्या आईमुळं. मी नवऱ्याकडं नाय नांदत, सासूकडं नांदते.

शे. कांद्याच्या लागणीला बागलाणातल्या बाया आल्यात, त्या 'हाय' म्हणतच नाय. त्यातली एक म्हणाली, 'मनी पोर शे ना, मंग माले काय कमी शे?' बायडाबाई, वय चाळीस. ऐकून मी पाटाच्या पाण्यात तोंड धुतलं.

आता माझाबी नियम ऐका. पुढच्या दर शब्दाला पोरीच्या हातची एक ओळ. तुमची नको, तिच्या हातची. नायतर शब्द बंद.

कुसा


गंगापूर रोड, नाशिक
१४ जानेवारी १९८१

सौ. कुसाबाई हिस,

तिळगूळ घ्या, गोड बोला. वर्षभर तू शब्द पाठवले नाहीस, त्यामुळे मजकूर अडला. हट्ट तुझा, नुकसान मुलांचे.

तरी मधल्या पत्रांतले धरून जे होते त्यावरून चाळीस कार्डे करून घेतली आहेत. सोबत पाठवतो. एकेक तपासून, चूक असेल तिथे शिसपेन्सिलीने खूण करून परत पाठव. ग्रामीण उच्चार बिघडता कामा नये. चंद्रा अभ्यासात आहे, दहावीचे वर्ष. ओळीबिळी लिहिण्यात तिचे मन विचलित करणे बरे नव्हे. परीक्षा झाल्यावर मी स्वतः तिला घेऊन येईन, हा शब्द देतो.

खंडेराव


मु. टेंभाळे
३ फेब्रुवारी १९८१

मास्तर,

कार्डं बघितली. अगं बाई, काय अक्षर हाय! गोल, मोत्यावानी, 'धु'चा उकार कसा खाली वळवून ठेवलाय. कुणाचं? तुमचं तर नाय, तुमचं अक्षर पावसात भिजल्यागत. मी चाळीसची चाळीस आत्याबाईला वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'ल्हेणारी पोर गुणाची दिसते.'

चुका दोनच. 'हाय'ला तुमी 'आहे' केलंत एका जागी. आन माझं वय बत्तीस लिहिलंय, आता चौतीस झालं. तेवढं पुढं सरकवा.

तुमी शब्द दिला म्हणून मीबी दिले. मागं पानभर लिहिलेत. दोन्ही अंगांनी! ओरडू नका.

एक कार्ड मी ठेवून घेतलं, 'धुगधुगी'चं. अक्षर लय आवडलं म्हणून.

कुसा


गंगापूर रोड, नाशिक
१६ ऑगस्ट १९८२

सौ. कुसाबाई हिस,

कोश छापून झाला. एक प्रत सोबत भेट. 'अस्तित्व' या नोंदीस साडेतीन पाने मिळाली, असे दुसऱ्या कोणत्याही शब्दाचे झाले नाही. प्रस्तावनेत मी लिहिले आहे: 'सर्व ग्रामीण प्रयोग हयात व्यक्तींच्या तोंडून संपादकाने प्रत्यक्ष ऐकलेले आहेत.' जागेअभावी बोलणाऱ्यांची नावे गाळावी लागली, मन लहान करू नकोस.

कार्डे माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिली होती.

चंद्राला घेऊन येणे जमले नाही. ती कॉलेजात आहे.

खंडेराव


मु. टेंभाळे
२४ एप्रिल १९८४

मास्तर,

काल माझा भाऊ पळतच आला. कारभारीदादाला वाचता येत नाय, तुमाला ठाऊक हाय. हातात लाल पत्रिका. अंगणातूनच ओरडला, 'कुसे, चंद्राचं लगीन हाय! मला मामा म्हणून बोलावलंय! आन मास्तरनी सांगितलं, पत्रिकेत तुझं नाव घातलंय!' हसून हसून त्याच्या डोळ्यात पाणी. मी हात पुसले, कुंकू सारखं केलं आन पत्रिका घेतली.

'चि. सौ. कां. चंद्रकला, कै. सौ. कुसाबाई व श्री. खंडेराव यांची कन्या.'

'कै.' मला कळतं हो. दिंडोरीच्या स्टँडावरच्या बाकड्यावर लिहिलेलं असतं, 'कै. अमक्याच्या स्मरणार्थ'. त्या बाकड्यावर मी कितीदा बसलीय. दादा म्हणाला, 'काय लिवलंय, वाच की.' मी वाचलं, 'सौभाग्यवती कुसाबाई.' तो म्हणाला, 'बघ, मास्तर इसरला नाय.'

कधी मेले मी? कशानं? पोरीला काय सांगितलंत, ताप आला, साप चावला? का बाळंतपणात मारलंत? तुमच्या बुकात शंभर ठिकाणी माझं बोलणं हाय आन वर छापलंय की बोलणारे हयात हायेत. मग बुकात मी जित्ती आन पत्रिकेत मयत, हे कसं? मास्तर, कोणतं एक ते ठरवा. पत्रिका परत छापा. तुमच्या दुसऱ्या बाईचं नाव घाला, माझी ना नाय. नुसतं माझ्या नावामागचं ते अक्षर काढा. मी मांडवात येणार नाय. लांबून एकदा बघीन आन पहिल्या एसटीनं परत येईन.

कुसा


गंगापूर रोड, नाशिक
२८ एप्रिल १९८४

सौ. कुसाबाई हिस,

पत्र पोचले. कागदावरची आरडाओरड मला आवडत नाही.

पत्रिका तीनशे छापून वाटल्या आहेत. चंद्रकलेला आई लहानपणीच गेल्याचे ठाऊक आहे, आणि त्याच माहितीवर हे स्थळ आले. व्याही सरकारी वकील आहेत. एक बायको हयात असताना दुसरी केलेल्या माणसाच्या घरात ते मुलगी पाहायला आले नसते. तू एकदा फाटकाशी उभी राहिलीस तर माझी नोकरी, विमलबाईंशी झालेले माझे लग्न आणि तुझ्या लेकीचे लग्न, तिन्ही एका दिवसात संपतील. तुला हेच हवे असेल तर ये.

कोशातले हयात असणे आणि व्यवहारातले हयात असणे या दोन गोष्टी आहेत. पहिले भाषेच्या सोयीसाठी, दुसरे माणसांच्या. तू समजूतदार आहेस, हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

कारभारीस मात्र अवश्य पाठव. वधूला बोहल्यावर आणायला मामा लागतो.

खंडेराव


मु. टेंभाळे
११ मे १९८४

चि. चंद्रास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या हातात देणारा तुझा सख्खा मामा हाय. त्याला यात काय लिहिलंय ते ठाऊक नाय.

पोरी, घाबरू नको. मी तुझी आई, कुसाबाई. मी मेले नाय. तू पाच वर्साची होईस्तवर तुला मीच न्हाऊ घातलं. तुझ्या उजव्या मांडीवर चुलीतलं लाकूड लागल्याचा डाग हाय, तो माझ्या चुकीनं झालाय. तुला वांग्याची भाजी चालत नव्हती. झोपताना माझ्या कानाची पाळी धरायचीस.

मी लग्नाला येत नाय. तुझ्या बापाचा, नव्या आईचा मला काय बोभाटा करायचा नाय. मला फक्त तुला एवढंच कळवायचंय की मी हाय. तुला लेकरू होईल, तवा कधी वाटलं तर एक ओळ लिही. 'आई' म्हणून नको लिहूस, नुसतं 'पत्र मिळालं' लिहिलंस तरी चालेल.

सुखानं नांद.

तुझी आई


नाशिक
२ जून १९८४

सौ. कुसाबाई यांस,

पत्र मिळाले. मामांनी मांडवातच दिले, तेव्हा मी ओटीच्या पिशवीत ठेवले व माहेरी परतल्यावर वाचले. उत्तर देणे बरे, म्हणून देते. हे शेवटचे समजावे.

तुम्ही आहात, हे मला नवे नाही. पंधराव्या वर्षापासून ठाऊक आहे. बाबा तुमच्या पत्रांतल्या शब्दांच्या कात्रीने पट्ट्या कापून मला देत. मी त्यावरून कार्डे उतरवायची आणि पट्ट्या खळीने वहीत चिकटवायच्या, असे काम असे. कार्डांवरचे अक्षर माझेच. बाबांनी पट्ट्यांच्या पुढच्याच बाजूकडे लक्ष दिले. तुम्ही कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिता. मागच्या बाजूस 'केस माझ्यावानी दाट हायेत का', 'माझ्या खांद्याला लागंल का' असे तुकडे असत. चार-पाच पट्ट्या जुळवल्यावर मला सगळे समजले.

मी कोणाला बोलले नाही. मागची बाजू खाली करून, नीट दाबून पट्ट्या चिकटवल्या. आता त्या निघायच्या नाहीत.

का, असे तुम्ही विचाराल. मला ह्या घरात काही कमी नव्हते. विमलआईंनी सावत्रपणा केला नाही. दर वर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला त्या तुमच्या नावाने पुरणाचा स्वयंपाक करतात, सवाष्ण जेवू घालतात. मीही जेवते. सगळे समजल्यावर पहिल्या वर्षी घास उतरला नाही, पुढे सवय झाली. आता सासरीही ती नवमी करायचे ठरले आहे. आता तुम्ही असणे कोणालाच परवडणारे नाही, मलाही.

वांगे मी आता खाते.

सौ. चंद्रकला


गंगापूर रोड, नाशिक
५ सप्टेंबर १९८४

सौ. कुसाबाई हिस,

आशीर्वाद. कार्य निर्विघ्न पार पडले. तू समजुतीने घेतलेस याचे समाधान आहे. कारभारीने मामाचे काम चोख केले. त्याला दिलेले धोतर पसंत पडले ना?

आता आनंदाची बातमी. कोशाची दुसरी आवृत्ती निघते आहे. 'अस्तित्व' ही नोंद सर्वांनी वाखाणली. त्यात भर घालायची आहे. एखादा शब्द, एखादा प्रयोग राहिला असेल तर लगेच पाठव. नियम तेच. आईला माझा नमस्कार सांग, आणि म्हणावे, यंदा दिवाळीत मी नक्की येऊन जाईन.

खंडेराव


मु. टेंभाळे
भाद्रपद वद्य नवमी, १९८४

खंडेराव यांस,

आज तुमच्या घरी माझं पुरण शिजलं असंल. पोटभर जेवा. तुमच्याकडं मी सवाष्ण मेलेली, पर इथं मी रंडकी जिती हाय. ते कसं, सांगते.

पोरीचं पत्र आलं. ते वाचून मी चुलीपाशी बसले आन माझ्याजवळचं 'धुगधुगी'चं कार्ड चुलीत घातलं. तीन वर्सं उशीखाली होतं ते. मग उठून भिंतीवर हात आपटून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आन बाहेर येऊन गावाला सांगितलं, मास्तर नाशकात वारले, तिकडंच उरकलं. कुणी खोटं धरलं नाय. तुमी पंधरा वर्सं गावात पाऊल टाकलं नव्हतं, मग गावाला तरी काय फरक? कारभारीदादाला खरं ठाऊक होतं. पर तिथं मांडवात मला मेली म्हणाले तवा तो गप बसला, मग इथंबी गप बसला. धोतर पसंत पडलं त्याला.

दहाव्या दिवशी नदीवर तुमचा पिंड ठेवला. मी हात जोडून म्हणलं, कशात जीव गुतला असंल तर सांगा, कोश पुरा करू. अहो, कावळा ठेवल्या ठेवल्या शिवला! लोक म्हणाले, मास्तरांची कसलीच इच्छा राहिली नव्हती, समाधानात गेले. मलाबी पटलं.

चूक एकच झाली. आत्याबाईचा इचार मी केला नाय. खोटं नाय बोलत, केला होता, आन तरीबी सांगितलं. इतकी वर्सं तुमच्या पत्रात मी माझ्या पदरच्या ओळी घालून त्यांना वाचून दाखवल्या. त्यावरच त्या जगत होत्या. 'खंडू वारला' ही ओळबी तशीच माझ्या पदरची. त्यांनी माझ्या तोंडून आलेली प्रत्येक ओळ खरी मानली, तशी हीबी मानली. रडल्या नाय. जेवायच्या थांबल्या. मी पाया पडले, म्हणलं, 'आत्याबाई, मी खोटं बोलले, तुमचा खंडू हाय.' त्या हसल्या. म्हणाल्या, 'तू लय गुणाची, माझ्यासाठी कायबी रचतीस.' एकविसाव्या दिवशी गेल्या. अग्नी मी दिला. तुमाला कळवायचं कुणाच्या मनात आलं नाय. मेलेल्या लेकाला आई मेल्याचं कोण कळवतं?

तवा दिवाळीत येऊ नका. फाट्यावर उतरलात तर पोरं भूत म्हणून दगड मारतील. आन तुमी 'मी हाय' म्हणून ओरडलात तरी तुमच्या बाजूनं बोलायला आता या गावात कुणी नाय. एक होती, ती मी घालवली. त्याचं पाप माझ्या माथ्यावर, ते मी फेडीन. तुमी तुमचं फेडा.

दुसऱ्या आवृत्तीला एक प्रयोग राहिलाय तो देते. कागदाच्या एकाच अंगानं लिहिलंय, मागं काय नाय. उलटून बघा.

शब्द: असणं.
वाक्य: 'खंडू नाय, मग मी कशाला हाय?'
बोलणाऱ्याचं नाव: लंकाबाई.
वय: ऐंशी.
गाव: टेंभाळे.
हयात: नाय.

कुसाबाई